फ्लॉपीवरचं कुंकू

परवा खंडेनवमीला लेकीने पाटावर आपला लॅपटॉप आणून ठेवला. शेजारी माझी शिवणाची कात्री, जावयाचा पान्ह्यांचा डबा आणि विळी. फुलं वाहून झाली, हळदीकुंकवाचं बोट मी सवयीने पुढे नेलं आणि ते मध्येच थांबलं. "लाव की आई, काही होत नाही त्याला," लेक म्हणाली. मी नुसतं झेंडूचं फूल ठेवलं. मग ती हसायला लागली, म्हणाली की आई, तू अजून घाबरतेस होय मशीनला! म्हटलं, मशीनला कोण घाबरतंय, बाई.

पालघरला या दिवसांत दुपारचं ऊन असं चावतं की पावसाळा बरा होता असं वाटावं. हळवं, लवकर पिकणारं भात कापून शेतात आडवं पडलेलं असतं. संध्याकाळी पूर्वेकडून वारा आला की ओल्या पेंढ्याचा वास घरात शिरतो, आणि मला हमखास बोईसरची ती खोली आठवते. दादा तारापूरच्या बाजूला वेल्डर होता. आम्ही साताऱ्याकडची माणसं. दादा, वहिनी, दोन भाचरं आणि मी, सगळे दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत. मी टायपिंगच्या दोन परीक्षा पास होऊन एका रंगाच्या कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले होते, तेही टेंपररी. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट.

कापडाला लागणारे रंग तिथे बनत. रंगाच्या कंपनीतला माणूस रस्त्यात लगेच ओळखू येई. एकाचे कान जांभळे, दुसऱ्याच्या नखांत पिवळं. शिफ्टची बस सुटली की खिडक्यांतून रंगपंचमी चालल्यासारखी दिसे. मी ऑफिसात बसायची, तरी माझी पांढरी ओढणी महिन्याभरात गुलाबी झाली. वहिनी म्हणाली, "पोरीला न खेळता रंग लागला." वहिनीच्या जिभेला हाड नव्हतं, पण मन चांगलं होतं. सकाळी पहिली भाकरी माझ्या डब्यात पडे.

त्या वर्षी पावसाळ्यात गोडाऊनचे पत्रे उडाले आणि स्टोअरच्या रजिस्टरांचा लगदा झाला. कुठल्या रॅकवर काय आणि किती, हे कागदावर कुठेच उरलं नाही. उरलं ते फक्त मेहेरकाकांच्या डोक्यात. मेहेरकाका म्हणजे आमचे स्टोअरकीपर. शिरगावचे. सतरा वर्षं त्याच खुर्चीवर. घरी होड्या आणि जाळी, पण ह्यांना लहानपणापासून दमा, म्हणून बापाने समुद्रावर नेलं नाही, शाळेत घातलं. इंग्रजी चौथीपर्यंतचं. ड्रमवरची लेबलं मात्र फाडफाड वाचत.

लगद्याची बातमी ऐकून मुंबईच्या शेठनी कॉम्प्युटर पाठवला. गणपती उठल्यावर तो टेम्पोतून आला. त्याच्यासाठी काचेची केबिन, जुना का होईना पण एसी, आणि दाराबाहेर चपला काढायच्या असा नियम. प्लॅन्टमधली उत्तरेकडची मंडळी काचेला नाक लावून उभी राहात. "मॅडम, इसमें पिक्चर कब लगेगा?" एकाने विचारलं. मी म्हटलं, दिवाळीला.

पिक्चर कसला. काळा पडदा, त्यावर एक हिरवं अक्षर, त्याच्यापुढे एक टोकदार खूण, आणि लुकलुकणारी बारीक रेघ. बस्स. ना चित्र, ना सूचना, ना कुठे काय आहे त्याची यादी. मशीन विकणाऱ्यांचा माणूस दोन दिवस येऊन गेला, त्याने मला आठ आज्ञा एका कागदावर लिहून दिल्या आणि गेला तो गेलाच. आजच्या मुलांना हे सांगून पटत नाही. त्यांना बोट लावलं की दार उघडतं. आम्हाला दार कुठे आहे तेच माहीत नव्हतं, आणि भिंतीला नेमका शब्द सांगावा लागे. एक टिंब चुकलं, मध्ये जागा सोडायची राहिली, की 'बॅड कमांड ऑर फाईल नेम'. टाईपरायटर कधी उलट बोलला नव्हता. चूक असली तरी निमूट छापायचा. इथे मी पहिल्या दिवशी अकरा वेळा बॅड कमांड ऐकून घेतलं आणि बाथरूममध्ये जाऊन डोळे पुसून आले. आणि मग बाराव्या वेळी 'डिर' असं तीन इंग्रजी अक्षरांत बरोबर जमलं, आणि माहिती साठवायच्या फ्लॉपीच्या पोटात काय काय आहे ते एकाखाली एक सरसर उतरत आलं. पोहायला शिकताना पहिल्यांदा पाय तळापासून सुटतो ना, तसं झालं. तो आनंद मला नंतर लग्नातसुद्धा झाला नाही. नवऱ्याला हे सांगितलेलं आहे, त्याची हरकत नव्हती.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर नाडकर्णी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "सुमन, मेहेरला शिकव हे. सगळा माल मोजून मशीनवर चढवा. दिवाळीआधी शेठ येतील, ते स्वतः बघतील. त्याला जमलं तर स्टोअर त्याच्याकडे राहील. नाही जमलं तर तो प्लॅन्टमध्ये जाईल, ड्रमवर. आणि त्याच्या जागी तू. कायम." मग चष्मा पुसत म्हणाले, "तेव्हा शिकवताना फार जीव काढू नकोस."

वाईट माणूस नव्हता. माझं भलं करायला निघाला होता बिचारा. पण प्लॅन्टमध्ये ड्रम उघडला की जी पूड उडते तिने धडधाकट माणूस खोकतो, मेहेरकाकांनी तिथे एक हिवाळा काढला नसता. हे काकांना माहीत होतं, मलाही होतं. आणि मला हेही माहीत होतं की कायम झाले तर स्वतःची खोली घेता येईल, गावाकडून आईला आणता येईल. आई तिकडे चुलत्यांच्या ओसरीत एकटी राहात होती आणि पत्रात दर वेळी कुणाकडून तरी 'मी मजेत' असं लिहवून घेत होती. आता सांगा, बावीस वर्षांच्या मुलीने काय करावं? मी शिकवायला बसले. पण मन दोन ठिकाणी ठेवून.

काका रोज सकाळी शिरगावहून सायकलने पालघरला, तिथून शटलच्या आगगाडीने बोईसरला येत. चपला काढून केबिनमध्ये शिरताना मशीनला हात जोडत. त्या दिवसांत त्यांच्या गावी बांबूंवर दोऱ्या ताणून बोंबील वाळत घालायला सुरुवात झालेली असे, आणि सदऱ्याला तो वास असे. एसीत दार लावून बसलं की तो वास, रंगांचा वास आणि गरम झालेल्या मशीनचा वास एक होई. मला पहिल्यांदा मळमळलं. नंतर एखाद्या दिवशी काका नसले की चुकल्यासारखं होई.

"ही नवी सून हाय बघ," एकदा ते पडद्याकडे बघत म्हणाले. "नीट नाव घेऊन सांगितला तर करते. नाय तर तिथंच उभी."

"आणि उलट बोलते ते?"

"ते तर सगल्याच बोलतात."

एका बोटाने टाईप करत. आधी अक्षर तोंडाने म्हणत, मग शोधत, मग बोट वर नेऊन क्षणभर थांबत आणि हलकेच दाबत. चुकलं की मशीनला "ऱ्हावू दे, ऱ्हावू दे" म्हणत. आम्ही एकेका रॅकची एकेक फाईल करत होतो. ते मोजत, मी चढवी, संध्याकाळी ते मशीन बंद करत, कारण माझी बस साडेपाचला आणि त्यांचं शटल त्यानंतर. त्या कागदावरच्या आज्ञा मी त्यांना एकेक करून दिल्या. यादी कशी बघायची, फाईल कशी उघडायची, नाव कसं बदलायचं, पडदा कसा पुसायचा. सात दिल्या. आठवी दिली नाही.

आठवी होती कॉपीची. मशीनवाल्याने बजावून सांगितलं होतं, रोज काम संपलं की आपली फ्लॉपी दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून ठेवायची, एकीला काही झालं तर दुसरी असावी. मी ठरवलं, हे आपण करू, काकांना कशाला. शेठ विचारतील आणि त्यांना येणार नाही. एवढंच. मी खोटं शिकवलं नाही, फक्त एक हातचा राखला. आज हे लिहिताना कानशिलं गरम होतात. तेव्हा मात्र मी स्वतःला सांगत होते की यात काय मोठं? आणि त्यातही गंमत बघा, जे दुसऱ्यापासून लपवलं ते स्वतः करायला मला एकदाही वेळ झाला नाही. बस पकडायची घाई असे. दुसरी फ्लॉपी कोरीच राहिली.

नवमी आली. कारखान्यात खंडेनवमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण. आदल्या दिवशी सगळी यंत्रं धुऊन पुसून ठेवली. मोटारींना, पंपांना, क्रेनला, अगदी तराजूच्या काट्यालासुद्धा झेंडू आणि भाताच्या लोंब्यांची तोरणं. नाडकर्णी साहेब म्हणाले, "कॉम्प्युटरची पूजा सुमनने करायची." मी वहिनीची हिरवी साडी नेसून गेले होते. मशीनला फूल वाहिलं, पडद्याला कुंकू लावलं, आणि मग वाटलं, खरी लक्ष्मी तर फ्लॉपीत आहे. तीन आठवड्यांचं काम त्या एका काळ्या चौकोनात. मी तिला कागदी पाकिटातून काढून ताटात ठेवलं. ती मोठी जुन्या तऱ्हेची फ्लॉपी, पातळ, वाकणारी. तिच्या अंगावर एक लांबट खिडकी असते आणि त्यातून आतली तपकिरी तबकडी दिसते. मला ते कपाळच वाटलं. नेमकं तिथेच हळद लावली, त्यावर कुंकू, वर चार अक्षता. मनापासून नमस्कार केला. काकांनीही केला.

नारळ फुटला, पेढे वाटले, साहेब दसऱ्यासाठी दुपारच्या गाडीने मुंबईला गेले. तीनच्या सुमारास मी फ्लॉपी फडक्याने हलकेच पुसून मशीनमध्ये घातली. कर्रर आवाज झाला, दगडावर विळी घासल्यासारखा. पडद्यावर एक ओळ आली आणि तिच्याखाली तीन शब्द, अबॉर्ट, रिट्राय, फेल.

"काय विचारते?" काका म्हणाले.

"सोडून देऊ, पुन्हा करू, की जमलं नाही म्हणू."

"पुन्हा कर म्हनून सांग."

मी सांगितलं. पुन्हा कर्रर. पुन्हा तेच तीन शब्द. दहा वेळा, वीस वेळा. बाहेर काढून बघितलं तर तपकिरी तबकडीवर गोल ओरखडा, कुंकवाचा लाल. सोमवारी साहेब येणार, आणि स्टोअरमधल्या मालाची नोंद पृथ्वीच्या पाठीवर कुठे नाही. मी टेंपररी, मला दुपारपर्यंत घरी पाठवतील. आणि मशीन रोज बंद कोण करतो, तर मेहेर. बोल त्यांनाच लागणार, आणि शेठ यायच्या आधीच ते ड्रमवर जाणार.

मग मी बोलून टाकलं. कॉपी नावाची एक आज्ञा आहे, ती मला माहीत होती, तुम्हाला मुद्दाम सांगितली नाही, सांगितली असती तर तुम्ही रोज केली असती आणि आज दुसरी फ्लॉपी असती. एका दमात बोलले आणि खाली बघत बसले. एसीतून थेंब थेंब पाणी बादलीत पडत होतं.

"येवडाच?" ते म्हणाले.

मी मान हलवली.

"मंग उद्या लवकर ये. आनि डबा दोन टायमाचा आन."

दसऱ्याच्या दिवशी सगळं बोईसर दारात रांगोळ्या काढून बसलं होतं आणि मी रिकाम्या रस्त्याने कंपनीत चालले होते. रखवालदाराने दार उघडलं, "छुट्टी के दिन भी?" म्हणाला. काका आधीच आलेले. घरी भावाच्या होडीची पूजा सोडून. खुर्चीत मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "लिव. एक नंबर रॅक, खालून पैली फली. पॅकिंगच्या दोऱ्या, मोठ्या सोला, बारीक एकतीस. तिच्या मागं रबरी हातमोजे, सव्वीस जोड, एक जोड उंदरानं खाल्लेला, तो धरू नको."

मी मशीनची खाच पुसून त्यात मशीनबरोबर आलेल्या पाकिटातली एक नवी फ्लॉपी घातली आणि लिहीत गेले. ते चालत होते. खुर्चीत बसल्या बसल्या सगळं गोडाऊन चालत होते, रॅक वळताना मान वळायची, वरची फळी आली की हनुवटी वर. सतरा वर्षं हाताळलेली प्रत्येक वस्तू त्यांनी तोंडाने माझ्या ओंजळीत टाकली. चार नंबर रॅकवर मला एकदम उमगलं की हे काय चाललंय. हे जे डोक्यात आहे, तेवढीच या माणसाची मिळकत. जोवर ते फक्त त्यांच्याकडे आहे तोवर त्यांना खुर्चीवरून उठवणं साहेबाला जड जाईल. आणि ते मला उतरवून देत होते, माझी चूक झाकायला. मी थांबले. "काका, राहू द्या," म्हटलं. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "कितवा झाला? दीड इंची व्हॉल्व. नऊ. एक गंजका."

दुपारी माझी बोटं आखडली. तेव्हा ते मशीनपुढे बसले आणि मी गोडाऊनमध्ये जाऊन एकेक रॅक ताडून बघू लागले. मी तिथून ओरडून सांगायची, ते एका बोटाने चढवायचे. सगळ्या स्टोअरमध्ये तीन जागी फरक निघाला, त्यातल्या दोन ठिकाणी मीच चुकीचं मोजलं होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी शेवटचा रॅक संपला. मी ती कोरी राहिलेली दुसरी फ्लॉपी काढली, त्यांच्या हातात दिली आणि आठवी आज्ञा शिकवली. कुठून घ्यायचं ते आधी, कुठे न्यायचं ते नंतर, मध्ये एक जागा सोडायची. ते पाच वेळा चुकले. मी पाचही वेळा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी माझं मन एकाच ठिकाणी होतं, आणि खरं सांगते, इतकं हलकं मला त्या सबंध वर्षात वाटलं नव्हतं.

अजूनही कधी लेकीच्या मशीनवर मी ती काळी खिडकी उघडून बसते. आहे ती, शोधली तर सापडते. 'डिर' लिहिते, यादी उतरू देते. लेकीला वाटतं आई काहीतरी दुरुस्त करतेय.

शेठ धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आले. काचेच्या केबिनमध्ये साहेब, शेठ, काका आणि भिंतीला टेकून मी. शेठनी विचारलं, "डेढ इंच का वॉल्व कितना है?"

"नऊ," काका म्हणाले.

"मुँह से नहीं. मशीन से."

काकांनी बोट उचललं. पहिल्यांदा बॅड कमांड. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. दुसऱ्यांदाही बॅड कमांड. मला कळत होतं, मध्ये जागा सोडायची राहात होती. मी हात पाठीमागे घट्ट धरले. काकांनी बोट मागे घेतलं, धाप आवरली, ओठांनी पुटपुटत पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली, एका जागी थांबले, लांबट पट्टी दाबली, पुढे गेले. चार नंबर रॅक पडद्यावर सरळ उतरला. शेठनी बोट ठेवून वाचलं, नऊ. मग स्वतःहून काकांनी दुसरी फ्लॉपी घातली आणि कॉपी करून दाखवली, ती मात्र पहिल्या झटक्यात. शेठ म्हणाले, "ठीक है. मेहेर ही देखेगा."

माझी मुदत डिसेंबरअखेर संपली. तेवढे दिवस मी आपली टाईपरायटरवर. घरी वहिनीला खरं सांगितलं तेव्हा ती पोळपाटावरून वर बघून म्हणाली, "शहाणीच आहेस." कुठल्या अर्थाने ते मी विचारलं नाही. पहिली भाकरी दुसऱ्या दिवशीही माझ्याच डब्यात होती. त्या आठ आज्ञांच्या जोरावर पुढे मला पालघरला नोकरी मिळाली, कायमची सुद्धा. आईही आली, पण चार वर्षं उशिरा, आणि तोवर तिला नीट दिसेनासं झालं होतं. हे मला अजून सलतं. सलतं म्हणून मी ते झाकून ठेवत नाही.

शेवटच्या दिवशी काका मला रिक्षास्टँडपर्यंत सोडायला आले. संध्याकाळची शिफ्ट सुटत होती. मी म्हटलं, "काका, एक अजून सांगायचं राहिलंय. तुम्हाला जमलं नाही तर तुमची जागा मला मिळणार होती. साहेबांनी आधीच सांगितलं होतं."

"मनाबी सांगितलेला," ते म्हणाले. "त्याच दिवशी."

"मग माझ्याकडेच कसे शिकायला बसलात?"

"दुसरा कोन व्हता?" ते हसले, हसता हसता खोकले. मग रिक्षांकडे बघत बोलले. "तू ती कॉपी शिकवलीस ना, त्या दिवशी घरी जाऊन बायकोला बोललो, माजी खुर्ची ऱ्हायली, पन पोर जाते. त्या रातीला खोकला नव्हता. तरी झोप लागली नाय."

रिक्षा भरली होती, मागचा माणूस सरकून जागा करत होता. मी चढून बसले. पुढे पुष्कळांनी माझ्यासाठी पुष्कळ केलं, पण आई सोडली तर माझ्या वाटचं काही गेलं म्हणून कुणाची झोप उडालेली मी पुन्हा पाहिली नाही.